अर्धा सूर खाली

मार्च लागला की इंदूरची हवा कोरडी होते. पावसाळ्यात चौकटीला अडणारी दारं आता आक्रसून हलकी होतात आणि वाऱ्याची झुळूक आली की आपली आपण लागतात. देपालपूरकडून गव्हाच्या ट्रॉल्या यायला लागतात, त्यांच्यामागे रस्त्यावर भुशाची एक बारीक रेघ उरते. रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, गुलाबी रंग राजवाड्यासमोरच्या डांबरावरून आठ-दहा दिवस जात नाही. शेजारच्या गच्चीवर बारावीतली मुलगी पुस्तक छातीशी धरून येरझारा घालते. तिचे ओठ हलताना दिसतात, आवाज ऐकू येत नाही.

हे सगळं दर वर्षीचं. या वर्षी त्यात एका प्रश्नाची भर पडली, आणि त्या प्रश्नानं मला महिनाभर कुठल्याच कामात नीट बसू दिलं नाही. माझ्या बायकोचा आवाज कसा होता?

प्रश्न विचित्र आहे, मला कळतं. सदतीस वर्षं ज्या आवाजानं हाक मारली, तो आठवत नाही असं कसं होईल? आठवतो. पण आठवतो म्हणजे काय, तेच सांगता येत नाही. वास आठवतो तसा आठवतो. समोर आला तर ओळखेन अशा खात्रीनं. आणि तो समोर आला तेव्हा मला ओळखता आला नाही.

वसुधा गेल्या श्रावणात गेली. ती व्हायोलिन शिकवायची. बैठकीवर बसून, व्हायोलिनची मान पायाच्या घोट्यावर टेकवून, आपल्याकडे वाजवतात तसं. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इथे आलो. ती इथलीच, तीन पिढ्यांची इंदूरकर. तिची मराठी ऐकून माझी आई पहिल्या भेटीत गोंधळली होती. "आई, तुम्ही आरामात बसा, टेन्शन नका घेऊ, मी फटाफट चहा आणते," हे वाक्य ऐकून आईनं मला हळूच विचारलं होतं, "ही रागावलीय का रे?"

शेवटची दोन वर्षं तिच्यावर जड औषधं चालू होती. चेहरा सुजला, चालणं मंदावलं, आणि आवाजही जड झाला. निदान मी तसं समजत होतो. माझ्या फोनमध्ये तिचे चाळीसेक व्हिडिओ आहेत, सगळे त्या दोन वर्षांतले, कारण त्याआधी आम्हाला एकमेकांचे व्हिडिओ काढायची गरज वाटली नव्हती. ती गेल्यावर मी त्यातला एकही उघडला नाही. मला त्यातला आवाज नको होता. मला आधीचा हवा होता, आणि आधीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. कपाटातल्या पाच कॅसेटींवर.

त्या कॅसेटी एका मार्चातल्या आहेत. सव्वीस वर्षांपूर्वीच्या.

तेव्हा वसुधाकडे महूहून, जवळच्या लष्करी छावणीच्या गावाहून, एक निवृत्त कर्नल शिकायला यायचे. साठीनंतर व्हायोलिन शिकायला घेतलेला माणूस. हात कडक, पण कान फार तयार. त्यांच्या मुलानं परदेशातून त्यांना सीडी पाठवल्या होत्या. सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपातले व्हायोलिनचे कन्चेर्तो, म्हणजे एकट्या व्हायोलिननं अख्ख्या ताफ्याबरोबर वाजवायच्या रचना, आणि तेही त्याच काळच्या बांधणीच्या वाद्यांवर वाजवलेले. म्हणजे पोलादी तारांऐवजी मेंढीच्या आतड्याची तात, आणि गज आजच्यासारखा आत वळलेला नाही, तर बाहेर फुगलेला, खराच धनुष्यासारखा. कर्नल एका रविवारी वसुधाला म्हणाले, "मैडम, आप एक बार सुन लीजिए। फिर जो डाँटना हो डाँटिए।" आणि ती एकदा ऐकायला गेली ती त्या मार्चातले सगळे रविवार जात राहिली.

आमच्याकडे सीडी प्लेअर नव्हता. आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता, हँडल असलेला, एका हातात धरून नेता येईल असा. तो आम्ही महूच्या बसमधून मांडीवर घेऊन जायचो आणि कर्नलांच्या स्पीकरसमोर स्टुलावर ठेवायचो. वायर जोडून रेकॉर्ड करतात हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्या कॅसेटींत संगीताबरोबर ती अख्खी खोली आली आहे. बाहेरच्या आंब्यावरची कोकीळ, लांबून जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीची शिटी, कर्नलांचं दाबून धरलेलं खोकणं. आणि कागदांची सळसळ. ती माझी. मार्च म्हणजे उत्तरपत्रिका. मी गठ्ठे बरोबर न्यायचो आणि खिडकीशी बसून तपासायचो.

"प्रोफेसर," कर्नल एकदा म्हणाले, "आपके पेपर बहुत शोर करते हैं।"

"कर्नल साहब, इनको कुछ मत बोलिए," वसुधा म्हणाली, "इनके कान में तो चौबीस घंटे पानिपत चलता है।"

मी हसलो आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली. त्यात पानिपतच होतं.

प्रत्येक कन्चेर्तोच्या आधी वसुधा टेपरेकॉर्डरजवळ वाकून दोन-चार वाक्यं बोलायची. कुठला आहे, कोणत्या सुरातला आहे, काय ऐकायचं. पुढेमागे विद्यार्थ्यांना ऐकवता येईल म्हणून. ही तिची पद्धत. वर्गातही ती आधी बोलायची आणि मग वाजवायची. त्या बोलण्यामुळेच त्या कॅसेटी मी जपून ठेवल्या. संगीतासाठी नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

ती गेल्यावर दिवाळीच्या सुमारास मी पहिली कॅसेट लावली. फक्त पहिली. बाकीच्या चार मुद्दाम ठेवल्या. वर्षाचे गहू कोठीत भरून ठेवतात आणि लागतील तसे काढतात, तसं काहीतरी माझ्या मनात होतं. एकदा पाचही ऐकून झाल्या की तिच्याकडून नवीन असं काहीच ऐकायचं उरणार नाही. मी हिशेबी माणूस नाही, पण या बाबतीत कंजूष झालो.

आणि पहिल्या कॅसेटीतून जो आवाज आला, तो जड होता.

"पहिली कॅसेट, पहिली बाजू. हा ए मायनरमधला आहे. यात बघा, मुखडा परत परत येतो, आपल्या बंदिशीत येतो ना, अगदी तसा. सगळे मिळून मुखडा धरतात, मग एकटं व्हायोलिन फिरून येतं, परत मुखडा. घर आणि बाहेर, घर आणि बाहेर."

शब्द तिचेच. मधेच ओठ मिटल्याचा तो बारीक आवाजही तिचा. पण सूर खालचा, थोडा थकलेला. फोनमधल्या, मी उघडत नसलेल्या त्या आवाजाच्या जवळचा. सव्वीस वर्षांपूर्वी ती अशी बोलत नव्हती! तेव्हा ती चाळिशीच्या आतली, जिना धावत उतरणारी. हा आवाज तिचा नाही, मी मनाशी म्हटलं, हे मशीन हळू चाललंय.

ते संगीत मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि या हिवाळ्यात रोज दुपारी ऐकूनही फारसं कळलं असं म्हणवत नाही. एवढं मात्र जाणवलं की ती व्हायोलिनं गुळगुळीत नाहीत. गज तातीवर टेकतो तेव्हा आधी किंचित खर्र होतं आणि मग सूर उमलतो. कोरड्या ओठांनी कुणी बोलायला सुरुवात करावी तसं. सूर हलवत नाहीत, सरळ ठेवतात, आणि सोडून देतात. मागे एक तारांचं वाद्य किल्ल्यांच्या जुडग्यासारखं छनछनत राहतं. जलद भाग संपून संथ भाग येतो तेव्हा बाकीचे जवळजवळ गप्प होतात आणि एकटं व्हायोलिन, घरात कुणी नाही असं समजून, स्वतःशी बोलतं. तिथे कोकीळ फार स्पष्ट ऐकू येते. आणि माझे कागद.

त्या काळच्या वाद्यांवर वाजवलं म्हणजे त्या काळचा आवाज येतो का, असं मी कर्नलांना एकदा विचारलं होतं. इतिहासाच्या मास्तराला पुरावा लागतो. कर्नल म्हणाले, "पुराने साज़ हैं, पुरानी किताबें हैं। बाक़ी अंदाज़ा। जो सुन सकते थे, वो तो रहे नहीं।" मला ते उत्तर आवडलं होतं. माझ्या विषयाबद्दलही तेच खरं आहे. आता तिच्याबद्दलही ते खरं होईल असं वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पुरावा शोधायला निघालो. कर्नलांनी सीडीबरोबरच्या पुस्तिकेची झेरॉक्स करून दिली होती, ती कॅसेटींच्या डब्यातच होती. पहिला कन्चेर्तो ए मायनर. म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. संसार करता करता एवढं ज्ञान मलाही झालं होतं. मी वसुधाची पेटी काढली, भाता उघडला, पांढरी सहा दाबली आणि टेप लावला. जुळेना. एकेक पट्टी दाबत गेलो. काळी चारवर, लगतच्या खालच्या पट्टीवर, येऊन सूर बरोबर बसला. म्हणजे अर्धा सूर खाली.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवत नाही. सिद्ध झालं! पुस्तिका पांढरी सहा सांगते, टेप काळी चार वाजवतो, म्हणजे टेप हळू चालतो. आणि टेप हळू चालत असेल तर तो थकलेला आवाज तिचा नाही. इतकी वर्षं शिकवलेल्या विषयात इतका सरळ पुरावा मला कधी मिळाला नव्हता. कागद आणि वाद्य, दोन स्वतंत्र साधनं, दोन्ही एकच सांगत होती.

सराफ्याच्या मागच्या गल्लीत गुड्डू भिया नावाचे एक टेप-रेडिओवाले आहेत. इथे भाऊला भिया म्हणतात. नाव गुड्डू, वय पासष्ट. मी रिक्षातून उतरलो तेव्हा माझ्या एका हातात टेपरेकॉर्डर होता आणि रिक्षावाल्याच्या डोक्यावर पेटी.

"अरे सरजी!" गुड्डू भिया उठून उभे राहिले. "चालीस साल में पेली बार देखा, टेप के साथ पेटी आई हे। भजन करना हे क्या?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मशीन उघडलं, आतला रबरी पट्टा बोटानं ताणून पाहिला. "पट्टा तो ढीला हे। बुढ़ापे में सबका हो जाता हे।" त्यांनी पट्टा बदलला. तरी सूर काळी चारवरच. खरं म्हणजे तिथेच मी थांबायला हवं होतं. नवीन पट्ट्यानंही जे बदललं नाही, ते पट्ट्याचं दुखणं नव्हतं. पण गुड्डू भियांनी मोटरच्या पाठीला एक बारीक भोक दाखवलं. "इसके अंदर पेच हे। घुमाओ तो तेज, उल्टा घुमाओ तो धीमा। बोलो, कित्ता तेज?"

"इस पेटी के बराबर," मी म्हणालो.

मी भर दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून पांढरी सहा धरून ठेवली आणि गुड्डू भिया सुईसारख्या पेचकसानं तो पेच फिरवत राहिले. टेपवर व्हायोलिन हळूहळू वर चढलं, पेटीच्या सुराला भिडलं, क्षणभर दोघं एकमेकांवर थरथरले आणि मग एक झाले. समोरच्या कचोरीवाल्यानं मान डोलावली.

घरी येऊन कॅसेट पहिल्यापासून लावली. "पहिली कॅसेट, पहिली बाजू." हलका, बारीक, चपळ आवाज. जिना उतरणाऱ्या बाईचा आवाज. मी ते एक वाक्य दहा वेळा ऐकलं असेल. अकराव्या वेळी मला वाटलं, ही कोण?

हे कसं सांगावं कळत नाही. जो आवाज मी मागितला होता तोच समोर होता, आणि तो मला परका वाटत होता. मग आधीचा बरोबर होता का? तोही परका वाटला होता. दोन आवाज, दोन्ही तिचे शब्द बोलणारे, आणि मधे मी; मला एकाचीही साक्ष देता येईना. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, ती स्वयंपाकघरातून हाक मारते आहे, "अहो, जरा गॅस बघा ना." आठवलं. पण आता त्या आठवणीतली ती कधी एका आवाजात बोलायची, कधी दुसऱ्या. जे शाबूत होतं तेही मी पेच फिरवून बिघडवलं की काय, ही भीती तेव्हा बसली.

मुक्ताला, माझ्या मुलीला, मी तो तुकडा फोनवर पाठवला. ती पुण्याला असते. अर्ध्या तासानं फोन आला.

"बाबा, हे कधीचं आहे?"

"तू सात वर्षांची होतीस. रविवारी तुला मावशीकडे सोडून जायचो बघ."

"हो. पण बाबा, आईला एवढी कुठं जायची घाई झालीये?"

मग ती सावरून म्हणाली, "म्हणजे शब्द तिचेच आहेत. पण ती अशी नव्हती बोलत. थांबून बोलायची ती."

"आवाज कसा होता तिचा?" मी विचारलं. "जड की हलका?"

"बाबा, आईचा आवाज आईसारखा होता." मग, "खरं सांगू? मला नाही सांगता येणार. तुम्हीच सांगा ना. तुम्ही जास्त ऐकलाय."

हे शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं. ते दिवसभर माझ्यापाशी राहिलं.

पुढचे काही दिवस मी जे केलं ते सांगायला संकोच वाटतो. टेपमधली कोकीळ आणि आमच्या कडुनिंबावरची कोकीळ यांचा सूर जुळवून पाहिला. कोकीळ तर कोकीळच, महूची काय आणि इंदूरची काय. म्हणजे कोणती गती खरी ते कळेल. सकाळभर पेटी घेऊन खिडकीत बसलो. पण कोकीळ एका सुरावर थांबतच नाही, ती प्रत्येक हाकेला वर वर चढत जाते आणि मधेच सोडून देते. गच्चीवरची बारावीतली मुलगी पुस्तक बंद करून माझ्याकडे बघत होती. गाडीच्या शिटीचा काही उपयोग नव्हता, ती गाडी आता त्या रुळांवर येत नाही. कर्नल जाऊन बरीच वर्षं झाली. सगळे साक्षीदार एकतर चंचल होते, नाहीतर उरले नव्हते.

त्याच आठवड्यात देपालपूरहून पाटीदारांचा फोन आला. आमचे गहू दर वर्षी त्यांच्याकडूनच येतात. "सरजी, इस बार शरबती बढ़िया हुआ हे। कित्ती बोरी भेजूँ?" तो आकडा नेहमी वसुधाच सांगायची. मी म्हटलं, कळवतो. ते म्हणाले, "आराम से, आराम से," आणि मग जरा थांबून, "भाभीजी तो फोन पे पेले घर भर का हाल पूछती थीं, फिर गेहूँ की बात करती थीं। वो आवाज कान में हे अभी तक।" त्यांच्या कानात तो होता. मला त्यांचा हेवा वाटला. कसा होता तो, जड की हलका, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्या दुपारी मी माझा नियम मोडला आणि दुसरी कॅसेट काढली. कशासाठी, ते नक्की सांगता येणार नाही. कदाचित पहिलीला मी ऐकून ऐकून झिजवलं होतं आणि आता तिच्यावर माझा विश्वास उरला नव्हता. झाकण लावलं, बटण दाबलं. तोच चपळ, घाईतला आवाज.

"दुसरी कॅसेट, पहिली बाजू. आज रंगपंचमीनंतरचा रविवार आहे आणि माझे केस अजून हिरवे आहेत. कर्नल साहेब हसतायत, हसू देत. हां, तर एक बात पहिले सांगून ठेवते. हे सगळं अर्धा सूर खाली आहे. पुस्तकात ए मायनर लिहिलंय, पण आपल्या पेटीवर ते काळी चारला येईल. जुन्या वाद्यांचा सूर असाच लावतात म्हणे, खाली. तातीला तेवढाच ताण सोसतो. घरी मी पेटीवर लावून पाहिलं, तर मलाही वाटलं, मशीनच स्लो झालंय. मशीन एकदम बढिया आहे. तर नंतर कुणी उगीच पेटी घेऊन बसू नका."

मग एक छोटीशी शांतता. त्यात कोकीळ.

"अहो, तुम्हालाच सांगतेय. ऐकलंत ना?"

कागद उलटल्याची सळसळ.

"हं," मी म्हणालो. त्या खोलीतून, सव्वीस वर्षांपलीकडून.

टेप पुढे चालू राहिला. कर्नल सांगत होते की त्या काळी गावागावाचा सूर वेगळा असायचा, एका चर्चमधला पेटीवाला दुसऱ्या गावी गेला की त्याचे कान गोंधळायचे. आज सगळे मिळून एक खालचा सूर ठरवून घेतात, एवढंच. मग संगीत सुरू झालं. मी ऐकत नव्हतो. मला तो मार्च आठवत होता. घरीसुद्धा तिनं आपल्या व्हायोलिनच्या तारा अर्धा सूर उतरवल्या होत्या आणि तिचे विद्यार्थी वैतागले होते. मला वाटलं होतं, उन्हामुळे तारा तुटतात म्हणून उतरवल्या असतील. मी विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल, तिनं सांगितलं असेल, आणि मी हं म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सराफ्यामागे. रिक्षा, टेप, पेटी.

"क्या हुआ सरजी?" गुड्डू भिया म्हणाले. "पेले भगवाया, अब रुकवाना हे?"

"हाँ। जितना था, उतना।"

"में तो उसी दिन के रिया था मन में," पेच शोधता शोधता ते म्हणाले. "आंटीजी की आवाज भाग री थी। आराम से बोलने दो उनको।"

"तो बताया क्यों नहीं?"

"आप पेटी लेके आए थे, भिया। पेटी के आगे में क्या बोलूँ?"

या वेळी मी काळी चार धरली. व्हायोलिन खाली उतरत आलं, पेटीला भिडलं, थरथरलं, एक झालं. पण ते बरोबर तिथेच आलं का? अर्धा सूर म्हणजे नेमका किती? तो पेच केसभर इकडे-तिकडे झाला असेल तर? आधी होतं तसंच ते झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो. घरी आलो, दुसऱ्या कॅसेटीचा तोच तुकडा मुक्ताला पाठवला, आणि सोबत काहीच लिहिलं नाही.

फोन लगेच आला. ती हसत होती, आणि नुसतीच हसत नव्हती हेही कळत होतं.

"बाबा, हा हं!"

"काय?"

"हा हं शंभर टक्के तुमचा आहे. दहावीचा माझा निकाल सांगितला तेव्हा तुम्ही हाच हं म्हणाला होतात. जगात कुठेही ओळखेन मी. आणि हा हं बरोबर असेल, तर आईसुद्धा बरोबरच असणार ना? एकाच टेपवर आहे."

मी इतिहास शिकवला, पण यापेक्षा चांगला युक्तिवाद माझ्या वर्गात कुणी केला नव्हता. वसुधाच्या आवाजाचं माप माझ्याकडे उरलं नव्हतं. माप म्हणून उरला होता माझा एक हुंकार, लक्ष नसताना दिलेला. त्याच्यावर टेकवून आम्ही दोघांनी तिचा सूर लावला.

आणि तो सूर जडच आहे. खालचा, थांबत बोलणारा, किंचित थकलेला. म्हणजे ती तेव्हाही अशीच बोलायची. तो हलका, जिना उतरणारा आवाज मी कुठून आणला होता, मला माहीत नाही. कदाचित आजारपणाच्या दोन वर्षांत, समोरच्या आजारी बाईशी तुलना करायला, मी तो मनातल्या मनात तयार केला असेल. औषधांनी तिचा आवाज नेला म्हणून मी दोन वर्षं हळहळत होतो. नेला होता का त्यांनी? की तो तिथेच होता, आणि मी दुसऱ्याच कुणाची वाट बघत बसलो होतो? नक्की काय ते अजून ठरवता येत नाही. आज असं वाटतं, उद्या तसं वाटेल. कर्नल म्हणाले तसं, बाक़ी अंदाज़ा.

परवा दुपारी पाटीदारांना फोन केला आणि दोन पोती सांगितली. आधी त्यांच्या घरचं सगळं विचारलं, मग पोती. ती एकट्याला जास्त वाटली तरी वाटू देत. मग खिडकीशी बसून, फोनमधला पहिला व्हिडिओ उघडला. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यातला. वसुधा पलंगावर बसून हिरवे हरभरे सोलते आहे, मांडीवर स्टीलचं ताट, चेहरा सुजलेला. एक दाणा तोंडात टाकते, वर बघते.

"अहो, चालू झालं का ते? मला सांगा, म्हणजे मी नीट बसते."

तोच आवाज. काळी चारच्या आसपासचा.

फोनच्या मागून कुणीतरी म्हणतं, "हं."